पाटलाला न विचारता

मोटार जळाल्याचा वास ज्याने एकदा घेतला, त्याला तो पुन्हा सांगावा लागत नाही. वार्निश, तांबे आणि कापूस एकत्र करपल्याचा तो वास असतो, आणि त्याच्यामागे खर्चाचा आकडा उभा असतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीला जेमतेम आठवडा उरला असताना हा वास मी स्वतःच्या कर्तबगारीने आमच्या शेतावर आणला. धान लोंबीत आले होते. भारी धानाला शेवटचे पाणी नेमके याच दिवसांत लागते. ते चुकले तर लोंबी उभी दिसते, पण आत दाणा भरत नाही. अशा वेळी पहाटे पुतण्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लाज वाटली. तो एवढेच म्हणाला, "काकाजी, मोटार गेली."

ती मोटार माझ्या एका मायक्रोकंट्रोलरच्या भरवशावर चालत होती. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढ्या चिपवर बसवलेला पुरा संगणक: विचार करणारा प्रोसेसर, थोडी स्मृती आणि भोवती हाताखालची माणसे असावीत तशी उपांगे. एक उपांग वेळ मोजते, एक विजेचा दाब मोजते, एक दोन दाबांची तुलना करते, एक निरोप पाठवते. ही उपांगे आपसात, प्रोसेसरला न विचारता, परस्पर कशी बोलू लागली, याचा इतिहास मला वाचकांना सांगायचा आहे. विषय परका वाटेल. पण तो मला प्रथम समजला तो पुस्तकातून नव्हे, तर आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

तलावांचा जिल्हा

माझे गाव साकोली तालुक्यातले. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि ते खोटे नाही. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला तेव्हा नवेगावबांधसारखा नामांकित तलाव त्या जिल्ह्यात गेला, तरी आमच्याकडे उरलेल्या तलावांना आणि बोड्यांना कमतरता नाही. यांतले बहुतेक तलाव कोहळी समाजाने बांधले. आपले पूर्वज काशीकडून गोंड राजाबरोबर या झाडीपट्टीत आले अशी त्यांच्यात परंपरा आहे. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन, असा चांद्याच्या गोंड राजांचा रिवाज होता, असेही सांगतात. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने घातला, ही कथा आमच्या भागातली मुले शाळेत जाण्याआधीच ऐकतात.

या तलावांची रचना पाहण्यासारखी असते. उताराला आडवी मातीची पाळ. पाळीच्या आतल्या अंगाला तुडुम. त्याच्या भोकातला खुंटा काढला की पाणी पाळीखालून पाटात उतरते. एका बाजूला सलंग, म्हणजे सांडवा. तलाव भरला की वरचे पाणी सलंगीवरून खाली जाते, आणि ते वाया जात नाही. खालच्या अंगाला दुसरा तलाव किंवा बोडी त्याची वाट पाहत असते. ती भरली की तिसरी. पाटाचे पाणीही असेच उतरते. वरच्या बांधीच्या धुऱ्याला ठेवलेल्या वाटेने ते खालच्या बांधीत, तेथून आणखी खालच्या बांधीत.

मी सात-आठ वर्षांचा असेन. श्रावणातल्या एका रात्री पाऊस कोसळत होता आणि मी आजोबांना विचारले, "तलाव भरला हे खालच्या बोडीला कोण सांगते? पाटील सांगतात का?" आजोबा हसले. म्हणाले, "पानी पाटलाले इचारून खाली उतरत नाही, पोरा. इचारपूस पाळ बांधतानी करून ठेवली हाये."

हे वाक्य मला पुढे चाळीस वर्षांनी समजले. सलंग किती उंच ठेवायची, पाणी कोणत्या बोडीकडे वळवायचे, हे एकदाच, शांत डोक्याने, सर्वांनी बसून ठरवायचे. त्यानंतर मध्यरात्री पाऊस आला, पाटील परगावी असले, आजारी असले किंवा निजले असले, तरी वरचा तलाव आणि खालची बोडी आपले आपसात पाहून घेतात. पाटलांचे काम निर्णय घेण्याचे. प्रत्येक वेळी निरोप पोचवण्याचे नाही.

तरफेने तरफेला अडवले

पाण्याने केले तेच माणसाने लोखंडाकडून करवून घेतले ते रेल्वेत. रूळ एका मार्गाकडे वळवलेले आणि सिग्नल मात्र दुसऱ्या मार्गासाठी पडलेला, अशा गफलतीने एकोणिसाव्या शतकात पुष्कळ बळी घेतले. केबिनमधला माणूस दक्ष असला तरी थकतो, आणि थकलेला माणूस चुकतो. १८५६ साली इंग्लंडात जॉन सॅक्सबी याने रूळ वळवणे आणि सिग्नल देणे एकमेकांना जखडण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. तिचीच वाढ पुढे तरफांच्या चौकटीत झाली. एक तरफ ओढली की खालच्या पट्ट्या सरकतात आणि तिच्याशी विसंगत असलेली दुसरी तरफ जागीच अडकते. केबिनमधल्या माणसाने कितीही जोर लावला तरी ती हलत नाही. येथे एक तरफ दुसरीशी बोलते, आणि मधल्या माणसाचे मत विचारले जात नाही. प्रवाशांचा जीव त्या न विचारण्यावर सुरक्षित असतो.

मुंबईतले यंत्र

आता संगणकाकडे वळू. आपल्या देशात रचलेला आणि बांधलेला आरंभीचा मोठा संगणक मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. त्याचे छोटे प्रायोगिक यंत्र १९५६ साली चालू झाले, मोठे यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत कामाला लागले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' ठेवले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या आणि फेराइटच्या कड्यांची स्मृती असे त्याचे शरीर होते. माहिती कागदी पट्टीवरच्या छिद्रांनी आत जायची आणि उत्तर टेलिप्रिंटर छापायचा.

त्या पिढीच्या यंत्रांची एक खंत सर्व जगात सारखीच होती. गणित करणारा भाग सेकंदाला हजारो बेरजा करणार, आणि टेलिप्रिंटर सेकंदाला मोजकी अक्षरे छापणार. मधला निरोप्या गणित करणारा भागच असल्यामुळे, छापणे चालू असेतो तो बिचारा ताटकळत राहायचा. पाटलांनी जमाखर्च सोडून दारात पोती मोजत बसावे, तसा हा प्रकार.

यावर पहिला उपाय निघाला तो इंटरप्टचा, म्हणजे दार ठोठावण्याचा. पाटील वही लिहीत बसतात. कोणी दार वाजवले की वहीत खूण घालून उठतात, त्याचे ऐकतात आणि परत येऊन खुणेपासून लिहू लागतात. १९५४ सालच्या डायसिॲक या अमेरिकी यंत्रात अशी सोय होती. हे यंत्र ट्रकमधून हलवता येई असे बांधलेले होते.

दुसरा उपाय हमाल ठेवण्याचा. आयबीएमच्या ७०९ या यंत्राला, म्हणजे १९५० च्या दशकाच्या अखेरीस, स्वतंत्र 'चॅनल' जोडलेले असत. प्रोसेसरने एकदा सांगायचे, 'या ठिकाणची इतकी माहिती त्या फितीवर ने'. पुढची वाहतूक चॅनल करी आणि प्रोसेसर आपले गणित करी. १९६४ साली टाटा संस्थेत आलेल्या सीडीसी ३६०० या यंत्रालाही असे स्वतंत्र मार्ग होते. म्हणजे पाटलांच्या अंगावरून पोती उतरवण्याची ही रीत मुंबईच्या कुलाब्यापर्यंत तेव्हाच येऊन पोचली होती. आज तिला डीएमए, म्हणजे स्मृतीशी थेट व्यवहार, असे म्हणतात.

या हमालाचा मला सर्वांत आवडणारा दाखला १९८१ सालच्या आयबीएमच्या घरगुती संगणकात आहे. त्याची स्मृती मडक्यासारखी झिरपणारी होती. साठवलेला विद्युतभार दोन मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरला नाही, तर लिहिलेले पुसून जाई. हे भरण्याचे काम प्रोसेसरला दिले असते, तर तो तेवढ्यातच अडकला असता. म्हणून रचनाकारांनी वेळ मोजणाऱ्या चिपची एक तार हमाली करणाऱ्या चिपला जोडून दिली. दर पंधरा मायक्रोसेकंदांनी घड्याळ हमालाला टोचायचे, हमाल क्षणभर रस्ता मागून स्मृतीची एक ओळ वाचायचा, आणि वाचली की ती ओळ आपोआप ताजी व्हायची. १२८ ओळींचा फेरा दोन मिलिसेकंदांच्या आतच पुरा होई. यंत्र सुरू होताना प्रोसेसरने ही व्यवस्था लावून दिली की पुढे त्याला तिची आठवणही लागत नसे. घड्याळ आणि हमाल, दोघे परस्पर. माझ्या आजोबांनी हे यंत्र पाहिले असते, तर त्यांनी मान डोलावली असती.

ट्रॉनहाइमची वाट

पण तोवर अशी तार कारखान्यातच ओतली जाई. ती बदलायची म्हणजे नवी पाटी बनवायची. प्रश्न असा होता की ही वाट ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वळवता येईल का? शेतकरी जसा हंगाम पाहून धुऱ्याची वाट एका बांधीला बंद करतो आणि दुसरीला उघडतो, तसे?

याचे एक चांगले उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम शहरातून आले. तेथील तंत्रविद्यालयात शिकणाऱ्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोल्लान या दोघांनी १९९० च्या दशकात एव्हीआर नावाच्या मायक्रोकंट्रोलरची रचना केली. पुढे ॲटमेल कंपनीने त्याच घराण्यातली एक्समेगा ही मालिका २००८ साली आणली आणि तिच्यात 'इव्हेंट सिस्टिम' नावाचे पाटांचे जाळे घातले. याच गावच्या नॉर्डिक कंपनीने २०१२ सालच्या आपल्या बिनतारी चिपमध्ये असेच १६ पाट दिले.

रचना साधी आहे. एका टोकाला घटना घडवणारे उपांग: दाब ओलांडला, वेळ भरली, बटण दाबले. दुसऱ्या टोकाला काम करणारे उपांग: मोजायला लाग, थांब, तार जोड, तार तोड. मध्ये पाट. कोणत्या घटनेचा पाट कोणत्या कामाकडे वळवायचा, हे प्रोसेसर आरंभी एकदा लिहून देतो. त्यानंतर तो दुसऱ्या कामात असो की निजलेला असो, घटना घडली की काम होते. एक्समेगात निरोप पोचायला घड्याळाचे फार तर दोन ठोके लागतात, आणि ते घड्याळ सेकंदाला ३ कोटी २० लाख ठोके देऊ शकते. म्हणजे एका सेकंदाचे १ कोटी ६० लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागात निरोप पोचला!

वेग मोठाच, पण खरा लाभ वेगळा आहे. दार ठोठावून जो निरोप जातो, त्याला किती वेळ लागेल हे पाटलांच्या त्या क्षणीच्या कामावर ठरते. ते आधीच दुसऱ्याचे ऐकत असतील, तर तुम्हाला ओसरीवर बसावे लागेल. पाटाने जाणाऱ्या निरोपाला ओसरी नाही; तो दर वेळी ठरलेल्या वेळातच पोचतो. शिवाय प्रोसेसर निजून राहू शकल्यामुळे वीज वाचते, आणि बटणाएवढ्या सेलवर एखादे उपकरण महिनोन्महिने चालते.

माझी चूक

हे सर्व मला ठाऊक होते. आयुष्यभर मी मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आहे. तरीही मोटार जळाली. कशी, ते आता सांगतो.

शेतीची वीज आमच्याकडे पुष्कळदा रात्री येते. पुतण्याने रात्री-अपरात्री साप-विंचवांतून मोटार लावायला जाऊ नये, म्हणून मी एक पेटी बनवली. वीज आली की ती मोटार लावी, विजेचा प्रवाह मोजी, प्रवाह फार वाढला तर मोटार बंद करी आणि पुतण्याला मोबाइलवर निरोप पाठवी. स्टार्टरमध्ये पूर्वीपासून एक ओव्हरलोड रिले होता. दोन धातूंची जोडपट्टी त्यात असते; प्रवाह वाढला की ती तापते, तापली की वाकते आणि वाकली की संपर्क तोडते. ती पट्टी जुनी झाली होती आणि अधूनमधून उगाच मोटार पाडी. मी ती काढून टाकली. म्हटले, आता माझा प्रोग्राम आहे ना!

त्या रात्री तीनांपैकी एक फेज गेली. अशा वेळी मोटार गुरगुरते आणि उरलेल्या दोन तारांतून भलताच प्रवाह ओढते. नेमक्या त्याच वेळी माझा प्रोसेसर, 'वीज आली, मोटार लावली' हा आधीचा निरोप मोबाइलच्या जाळ्यावर चढवण्यात गुंतला होता. शिवारात रेंज नाही. मोडेमचे उत्तर येईना, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे असे मीच लिहून ठेवलेले. प्रवाह मोजणारे उपांग शेजारीच बसून धोक्याचा आकडा दाखवत होते. मोटार बंद करणारी तार दोन बोटांवर होती. पण त्या दोघांना जोडणारा एकच माणूस होता, आणि तो टेलिफोन कानाला लावून बसला होता. पहाटेपर्यंत मोटारीची वेटोळी करपून गेली.

मी काढून टाकलेली जोडपट्टी निरक्षर होती. तिला निरोप पाठवता येत नव्हता, हिशेब ठेवता येत नव्हता. पण तिने कोणाला विचारलेही नसते. ती नुसती वाकली असती.

शेजाऱ्याने दोन रात्री आपल्या मोटारीचे पाणी दिले म्हणून धान वाचले. त्याच्या बांधीतून धुरा फोडून आमच्या बांधीत. यासाठीही कोणत्या कचेरीत अर्ज करावा लागला नाही.

मोटार पुन्हा बांधून आल्यावर मी पेटी नव्याने रचली. आता प्रवाहाची तुलना करणारे उपांग पाटाने थेट वेळ मोजणाऱ्या उपांगाला जोडले आहे. प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की मोजणी सुरू होते. मोटार सुरू होताना काही क्षण प्रवाह मोठा असतोच. तो लौकर उतरला की मोजणी आपोआप थांबते. पण ठरलेले सेकंद भरले तरी प्रवाह उतरला नाही, तर वेळेचे उपांग दुसऱ्या पाटाने सरळ रिलेची कुलूपबंद तार सोडते. या वाटेत प्रोसेसर कोठेच नाही. त्याला नंतर कळवले जाते, आणि मग त्याने मोबाइलशी हवे तितके बोलत बसावे.

पाटील नकोत काय?

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग पाटील हवेतच कशाला? असा निष्कर्ष मी काढणार नाही. पाट सांगितले तेवढेच करतो. सलंग चुकीच्या उंचीवर बांधली, तर ती दर पावसाळ्यात इमानेइतबारे चुकीचेच पाणी सोडील. पाटाने झालेले काम निमूटपणे होते. कोणी पाहणारा नसेल, तर चूकही निमूटपणेच होत राहते. वाट आखायला, बिघडली तर ओळखायला आणि बदलायला विचार करणारा कोणीतरी लागतोच.

आमच्या तलावांच्या इतिहासात याची दुसरी बाजूही आहे. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली, तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. तलाव सरकारचे झाले. पुढे १९५६ साली मुंबई राज्य, १९६० साली महाराष्ट्र, आणि १९६२ साली जिल्हा परिषद. लहान तलाव परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालगुजारी गेली हे चांगलेच झाले. तिच्यात वेठ होती, उतरंड होती, आणि पाणी पिणाऱ्या सर्वांना बोलण्याचा हक्क नव्हता. पण तिच्याबरोबर दुसरेही काही गेले. उन्हाळ्यात पाळीवर माती टाकायला घरटी एक माणूस निघायचा, तुडुमाचा खुंटा सैल झाला तर ज्याच्या नजरेला पडेल तो ठोकायचा. आता खुंट्यासाठीही अर्ज. अर्ज जातो, टिपण होते, पावसाळा निघून जातो. कचेरीतली माणसे वाईट नाहीत. ती माझ्या प्रोसेसरसारखी आहेत, दुसऱ्या कशात तरी गुंतलेली. ज्या गोष्टी गावाने परस्पर करायच्या, त्यांची वाट कोणीतरी मधून नेली, एवढाच दोष.

पुढच्या दिवाळीच्या आधी आम्ही नव्या पेटीची परीक्षा घेतली. पुतण्याने मुख्य पेटीतला एका फेजचा स्विच खाली केला. मोटार गुरगुरली. मी मनात आकडे मोजत होतो. 'टक्' असा आवाज झाला आणि शिवार शांत झाले. मोबाइलवरचा निरोप चार मिनिटांनी आला. तोवर आम्ही पाळीवर जाऊन बसलो होतो. तलाव भरलेला होता आणि सलंगीवरून पाण्याचा पातळ पडदा खालच्या बोडीकडे उतरत होता.

पुतण्या खूष झाला. पण उठताना म्हणाला, "काकाजी, थो जुना रिले पन लावून ठेवा."

मी नवी जोडपट्टी आणून स्टार्टरमध्ये बसवून दिली.